आपल्यातली म्हणून

जुलैत कॉलेज उघडलं की आमचा बास्केटबॉलचा सराव सुरू होतो, स्पर्धा ऑक्टोबरात. मधले महिने बघायला कोणी फिरकत नाही. सकाळी सहाला सिमेंटचं कोर्ट, चौकीदाराने टाकलेली ज्वारी टिपणारी कबुतरं आणि माझा आवाज. माझा आवाज मोठा आहे. कोल्हापुरात आमच्या घरात सगळ्यांचाच आहे, त्यामुळे तिथे तो कुणाला जाणवत नाही. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे जयपुरात आले, मुलींच्या या कॉलेजात कोच म्हणून लागले, आणि हळूहळू इथल्या मुलींनाही त्याची सवय झाली.

यंदा सरावाच्या पहिल्याच दिवशी मी एका मुलीला बाजूला घेऊन बजावलं, "कोर्टवर मला काकू म्हणायचं नाही. मॅम म्हणायचं. आणि मराठीत बोलायचं नाही."

"हो काकू," ती म्हणाली आणि तिने जीभ चावली.

ही मुलगी मूळची अकोल्याची. म्हणजे तिचे आईवडील अकोल्याचे. वडील विमा कंपनीत अधिकारी, हिचा जन्मच इकडचा. अकोला तिला फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीतलं माहीत. तरी मी मनात तिला अकोल्याचीच म्हणते. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिला फ्रॉकात धावताना पाहिलंय मी. कॉलेजात आली ती माझ्यामुळेच बास्केटबॉलकडे वळली. पहिली दोन वर्षं ती बाकावर बसून राहिली, कारण तिच्या जागेवर खेळणाऱ्या दोन थोरल्या मुली पक्क्या होत्या. यंदा त्या पास होऊन गेल्या आणि ती जागा रिकामी झाली.

जागाही साधीसुधी नव्हे. बॉल पुढे घेऊन जायचा, कुणाला द्यायचा हे ठरवायचं; संघाचं डोकंच ते. त्या जागेसाठी दोघी होत्या. एक ही, आणि दुसरी शहराबाहेरच्या चाकसूहून येणारी. चाकसूची दुसऱ्या वर्षाला, वाऱ्यासारखी पळणारी. टोंक रोडने पहिल्या बसने झोपत यायची, गालावर खिडकीच्या दांडीचा वळ घेऊन. तिच्या हातात आणखी वर्ष होतं. अकोल्याचीचं हे शेवटचं. कॉलेज संपलं की नोकरी, लग्न, काय असेल ते. खेळ संपला. आमच्याकडे मुलींचा खेळ असाच संपतो, हे मला तरी कोणी सांगायला नको.

मला स्पर्धेपेक्षा हे सरावाचे महिनेच जास्त आवडतात. स्पर्धेत मुली खेळतात, सरावात त्या घडतात. आमची एक उंच मुलगी आहे, ताडमाड. गेल्या वर्षी बॉल अंगावर आला की डोळे मिटायची. यंदा मी तिला रोज भिंतीशी उभी करून बॉल मारत राहिले, शिव्या खाल्ल्या, आणि ऑगस्टच्या मध्यावर ती डोळे उघडे ठेवून बॉल झेलायला लागली. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला चहा करून दिला. तो म्हणाला, आज काय विशेष?

सगळ्यांचा डावा हात मात्र कच्चा होता. म्हणून मी घरचा अभ्यास दिला: दात घासा डाव्या हाताने, कुलूप उघडा डाव्या हाताने, केस विंचरा, पोळी लाटा. बहुतेकींनी दोन दिवस करून सोडून दिलं. चाकसूची तर हसलीच, "मैम, डाव्या हाताने लाटलेली पोळी बघून माँ मला घराबाहेर काढेल." अकोल्याचीने सोडलं नाही. ती मुळात मंदच आहे शिकायला, पण एकदा शिकली की शिकली. तिचा डावा हात दर आठवड्याला थोडा थोडा सुटत गेला. मला ते दिसत होतं. मी बोलले मात्र नाही.

न बोलण्याचं कारण सांगते. स्टाफरूममध्ये हिंदीच्या एक प्राध्यापिका आहेत, गोड बाई, मनात काही नसतं. एकदा कचोरीचा पुडा पुढे करत त्या म्हणाल्या, "इस बार तो आपकी महाराष्ट्र वाली ही खेलेगी ना?" सगळे हसले. मीही हसले आणि कचोरी घेतली. पण ते वाक्य घशात अडकलं ते अडकलंच. त्यात त्या मुलीची आई. कॉलेजच्या फाटकाशी, चार लोकांच्या देखत माझा हात धरून म्हणाली, "ताई, आता मले काहीच काळजी नाही. तुमच्याच भरोशावर आहे पोरगी." शेजारी दोन मुलींचे वडील स्कूटरवर बसून हे ऐकत होते. मराठी कळत नसलं तरी 'भरोसा' कळायला अडचण नव्हती.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून इतकी ऐकलीय की आपल्याच पोराला कार्टं म्हणणं हाच न्याय, असं मला वाटायला लागलं. अकोल्याची उशिरा आली की दोन फेऱ्या जास्त. चाकसूची उशिरा आली तर बस उशिरा आली असेल. चाकसूचीचा बॉल सुटला तर "कोई बात नहीं", अकोल्याचीचा सुटला तर "ध्यान कहाँ है?" तेही हिंदीतून, सगळ्यांना कळावं म्हणून. ती मान हलवायची आणि परत सुरुवात करायची. मला तर वाटायचं, मी किती कडक, किती निःपक्षपाती. स्वतःवर खूशच होते म्हणा ना.

मग गणपती आले. मंडळाच्या हॉलमध्ये आरती झाली आणि मुली प्रसाद वाटायला लागल्या. अकोल्याची उजव्या हातात ताट घेऊन डाव्या हाताने मोदक देत होती. तिला ते कळतही नव्हतं. दोन महिने सगळंच डाव्या हाताने करत होती बिचारी. आमच्या मंडळात पुण्याच्या एक ज्येष्ठ बाई आहेत, सगळ्या कार्याची सूत्रं त्यांच्याकडे. त्यांनी हात मागे घेतला. "अगं, डाव्या हाताने प्रसाद देतात का? आईने एवढंही शिकवलं नाही?"

आई समोरच तबकात निरांजन नीट करत होती. तिचा चेहरा उतरला. आणि मुलीने माझ्याकडे बघितलं. क्षणभरच, पण माझ्याकडेच.

'अहो, मीच सांगितलंय तिला, तिच्या हाताची तालीम चाललीय.' एवढंच म्हणायचं होतं. लोक हसले असते, विषय संपला असता. पण तसं म्हटलं असतं तर मंडळभर झालं असतं की हिची खास तालीम चाललीय, म्हणजे हिची जागा पक्की. माझ्या तोंडात मोदक होता. तो मी हवा त्यापेक्षा बराच वेळ चावला. मुलीने ताट डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताने पुढचा मोदक दिला. त्या मोदकाची मला आजही शिसारी येते, मोदकाचा काही दोष नसताना.

स्पर्धेआधी आम्ही जुन्या विद्यार्थिनींना बोलावून एक सामना खेळतो. त्या आता नोकरी करणाऱ्या, लेकुरवाळ्या, पळायला जड, पण डोक्याने बेरकी. त्या सामन्यावरून पहिल्या पाच जणी ठरतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पहिल्या अर्ध्यात चाकसूची खेळली. जुन्या मुलींनी तिचा उजव्या बाजूचा रस्ता अडवला, की ती परत उजवीकडेच जायची. बॉल गेला, पुन्हा गेला. दुसऱ्या अर्ध्यात अकोल्याची उतरली. तिलाही त्यांनी उजवीकडे अडवलं. तिने खाली न बघता हात बदलला, डावीकडून आत शिरली आणि रिंगखाली उभ्या असलेल्या उंच मुलीला पास दिला. उंच मुलीने डोळे उघडे ठेवून तो घेतला आणि बोर्डाला लावून रिंगमध्ये टाकला. कबुतरं उडाली. बाकावरच्या पोरी ओरडल्या. माझ्या तोंडात 'शाब्बास' आलं होतं. मी ओरडले, "पैर चलाओ, पैर!"

सामना संपल्यावर सगळ्यांना गोल बसवून मी पाच जणी सांगितल्या. त्यात चाकसूची होती. अकोल्याचीला म्हणाले, तुझा डिफेन्स कमी पडतो. हे खोटं नव्हतं. डिफेन्स सगळ्यांचाच कमी पडतो.

"ठीक है मैम," ती म्हणाली. बुटाची नाडी सोडली, परत बांधली, आणि बाटली उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अंग दुखत असेल, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. माझी समजूत फार लवकर पटते. मग एका सकाळी सराव संपल्यावर चाकसूची मागे रेंगाळली. एरवी बस चुकेल म्हणून धूम ठोकणारी ही पोर.

"मैम, एक बात पूछूँ? डाँटोगे तो नहीं?"

"पूछ."

"मैं सच में उससे अच्छी हूँ? या वो आपकी वाली है, इसलिए मैं हूँ?"

म्हणजे पोरींना सगळं दिसत होतं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मी तिला म्हणाले, तू खेळावर लक्ष दे. ती "जी" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती खेळली, पण आधीसारखी नाही. प्रत्येक पास देऊन माझ्या तोंडाकडे बघायची. एकीची जागा मी काढून घेतली होती, आणि जिला दिली तिला ती आपली वाटत नव्हती. माझ्या निःपक्षपातीपणाची एवढी कमाई.

त्या संध्याकाळी मी जवाहर नगरला अकोल्याचीच्या घरी गेले. दुर्गापुऱ्यातल्या माझ्या घरून रिक्षा केली आणि वाटेत सगळं मनात जुळवलं. स्पर्धेला अजून आठवडा होता. पाच जणींची नावं बदलणं माझ्याच हातात होतं.

आईने दार उघडलं. तिला इतका आनंद झाला की मलाच लाज वाटली. "अगं बघ, कोण आलंय! ताई, बसा ना. पोरगी पाहा ना कशी करून राहिली, चार दिवस झाले, कॉलेज अन् घर, घर अन् कॉलेज. मी म्हटलं तिले, डिफेन्स कमी आहे म्हणतात ना ताई, तर मग शिक. ताई काही उगाच नाही बोलणार." हे म्हणत ती चहा ठेवायला आत गेली.

मुलगी येऊन समोर बसली. मी थेट विषयालाच हात घातला. म्हणाले, माझं चुकलं. ती जागा तुझी आहे. उद्या ये, तूच खेळणार.

ती जराही उजळली नाही. तिच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "नाही मॅम. आता मी आली ना, तर सगळे बोलतील की मॅम घरी गेल्या, मम्मीने चहा पाजला, म्हणून हिला घेतलं. मतलब, कसं दिसेल ते?"

"कुणी काही बोलत नाही."

"बोलतील. मी पण बोलली असती." ती समजावणीच्या सुरात म्हणाली, जणू मीच लहान. "आणि तिला काय वाटेल? ती तर रोज इतक्या दुरून येते."

तीन महिन्यांत मी हिच्यात काय काय घडवलं त्याचा हिशेब माझ्यासमोर बसला होता. डावा हात सुटला, पास सुधारला, आणि लोक काय म्हणतील याची भीती तर अशी पक्की बसली की माझ्यापेक्षाही पक्की. ही भीती तिच्या घरात नव्हती. तिच्या आईला तर ती माहीतच नव्हती, नाहीतर फाटकाशी तिने माझा हात धरला नसता.

आई चहा घेऊन आली. तिने शेवटचं तेवढं ऐकलं होतं. कप माझ्या हातात देत ती लेकीला रागावली, "लोकांचं काय घेऊन बसली तू? लोक तर बोलणारच." मग माझ्याकडे वळली. "तुम्हीच सांगा ना ताई तिले. लोकांचं इतकं मनावर घ्यायचं असते का?"

मुलगीही माझ्याकडे बघायला लागली.

"नाही घ्यायचं," मी म्हणाले.

"तुम्ही नाही घेत?" तिने विचारलं.

टोमणा नव्हता तो. टोमणा मारण्याइतकं मराठी तिला येतच नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"घेते," मी म्हणाले. "म्हणूनच तुला बाकावर बसवलं. डिफेन्सचं काही नव्हतं. तू आपल्यातली म्हणून बसवलं."

आई उभीच होती. तिने एकदा लेकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्या हातातला चहा तसाच भरलेला असताना तिने बशीसकट कप उचलला, आत गेली, आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.