तारेवर मिटणारं बोट

दीनानाथ वझे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कारकून होता आणि सुट्टीच्या दिवशी यज्ञेश्वरच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. स्टेजवर सगळ्यात मागे, ड्रमच्या शेजारी उभा असलेला जो माणूस आपण कधी पाहतच नाही, तो हा. टाळ्या गाणाऱ्याला मिळतात आणि पाय मात्र याच्या ठेक्यावर हलतात. पण हे पुणेकरांना कोण समजावणार?

त्याचं वाजवणं म्हणजे दोन बोटांचं चालणं. पहिलं बोट तार ओढून शेजारच्या जाड तारेवर टेकायचं, ते टेकलं की मधलं निघायचं. अंगठा आपल्या जागी रोवलेला. सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला बोटांकडे बघावंही लागत नसे.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तालमीत मधलं बोट निघालं, ते तारेवर गेलंच नाही. तळहातात मिटलं. दीनानाथने हसण्यावारी नेलं. पुढच्या तालमीत पुन्हा तेच. कचेरीत पेन धरताना, बुटाची नाडी बांधताना, आमटीभाताचा घास घेताना ते बोट शहाण्यासारखं वागायचं. तार दिसली की मिटायचं. नुसतं दुखलं असतं तर त्याने बाम चोळला असता. हे काहीतरी वेगळंच होतं आणि त्याची त्याला फार भीती वाटायची.

कारण त्याच्या वडिलांचा अर्धांगवायू उजव्या हातापासूनच सुरू झाला होता. आधी कप निसटला, मग शर्टाचं बटण लागेना, आणि मग दीनानाथच्या बायकोने, हेमाने, सासऱ्यांना शेवटपर्यंत भरवलं. आता आपली पाळी, असं त्याच्या मनाने घेतलं. डॉक्टरकडे जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आणि हेमाला कुठल्या तोंडाने सांगणार?

मग त्याने आपल्याकडचा कुठलाही वाजवणारा करतो तेच केलं. हात ऐकत नाही ना, मग रियाज कमी पडतोय! रियाजाने बरा होत नाही असा रोग या मंडळींना ठाऊकच नाही. पहाटे उठून, आवाज न करता, तो तेच तेच घोटत बसे. बोटामागे आइस्क्रीमची काडी बांधूनही पाहिली. जितकं घोटावं तितकं बोट घट्ट मिटू लागलं. हेमा चहा घेऊन आली की तो हात मांडीखाली सरकवायचा.

"हल्ली फार तयारी चाललीये," ती म्हणायची.

"कार्यक्रम आहे," तो म्हणायचा.

तालमीत तो एकट्या पहिल्या बोटावर निभावून नेऊ लागला. संथ गाण्यांत खपून जायचं. जलद गाण्यांत बोट दमायचं आणि यज्ञेश्वर नुसता बघायचा. एरवी टोमणा मारल्याशिवाय 'बसा'सुद्धा न म्हणणारा हा माणूस गप्प का, हे दीनानाथला कळत नसे.

कार्यक्रम स्वारगेटजवळच्या एका सभागृहात होता. हेमा पहिल्या रांगेत बसली होती. मध्यंतराआधी जलद गाणं सुरू झालं. पहिलं बोट आखडलं, सवयीने मधलं पुढे आलं आणि मिटलं. या वेळी ते उघडेचना. आता सगळे वळून बघणार म्हणून त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

पण बेस थांबला नाही. कीबोर्डवर बसलेल्या उल्काचा डावा हात खालच्या सुरांवर सरकला होता आणि ती त्याचीच चाल, त्याच्याच वळणांसकट वाजवत होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. इतकं बिनचूक आयत्या वेळी कुणालाच जमत नाही. म्हणजे त्याच्या माघारी तालीम झाली होती. सगळ्यांना कळलं होतं. तरी डावा हात तो गिटारच्या दांडीवर वरखाली हलवत राहिला, निदान हेमाला तरी कळू नये म्हणून.

पडदा पडल्यावर यज्ञेश्वर जवळ आला. "वझे, आम्ही बहिरे आहोत असा आपला समज होता का?" पुढे तो काही बोलणार, तेवढ्यात विंगेतून हेमा आली. तिने कुणाकडेच पाहिलं नाही.

"अहो, हात बघू."

"कुठला?"

"उजवा. रोज मांडीखाली सरकवता तोच. माझी बोटं दाबा. जोरात."

त्याने दाबली. मधल्या बोटानेही दाबलं, आणि चांगलं दाबलं.

"आहे की जोर," हेमा म्हणाली. "मामंजींना पहिल्या दिवसापासून हे जमलं नव्हतं."

पण त्याचा हात तिने सोडला नाही; एकेक बोट ती पुन्हा पुन्हा दाबून बघत राहिली.