मुलाखतीच्या दिवशी मी खोलीबाहेर

नव्वदच्या दशकात मी नेरूळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. राहायला जवळच्याच गावठाणात, एका आगरी कुटुंबाच्या माडीवर. घरमालकांना सगळे मामा म्हणत. त्यांची सून बारावी सायन्स झालेली. माझी मुलगी दुपारी शाळेतून सुटली की थेट खाली त्यांच्या स्वयंपाकघरात जायची. मी येईपर्यंत तिचं जेवण, झोप, अभ्यास, सगळं ही सून बघायची.

अशात आमच्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा निघाली आणि सुनेने अर्ज केला. संध्याकाळी मामा कोलंबीचा डबा घेऊन जिना चढून आले.

"बाई, मुलाखत घ्यायला तुमीच हाय ना? मंग आमाला कसला टेन्शन!"

कोलंबी त्यांच्याकडून दर आठवड्याला यायची. पण त्या दिवशी मी म्हटलं, "मामा, आज नको. आधी मुलाखत होऊ दे." ते गोंधळले आणि डबा घेऊन खाली गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक छापील कागद सहीसाठी आला. उमेदवारांपैकी कोणी माझे नातेवाईक नाही, कोणाशी माझे हितसंबंध नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. नातेवाईक नव्हतंच कोणी. पुढच्या शब्दापाशी माझं पेन थांबलं. मामांना वाटत होतं, मी सुनेला लावून घेईन. माझ्या मनात मात्र उलटंच चाललं होतं. ती नोकरीला लागली तर माझ्या मुलीला बघणार कोण? स्वतःचीच लाज वाटली. तशीच उठून प्राचार्यांकडे गेले.

"सर, मला या मुलाखतीला बसवू नका."

"का? कोणी नात्यातलं आहे?"

"नाही. घरमालकांची सून आहे. माझी मुलगी दुपारभर तिच्याकडे असते."

"म्हणजे तुम्ही तिला जास्त मार्क द्याल?"

"नाही सर. कमी देईन अशी भीती वाटते."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मग हसून माझं नाव खोडलं. माझ्या जागी दुसऱ्या कॉलेजातल्या बाईंना बोलावलं.

मुलाखतीच्या दिवशी मी वर्गावर होते. नंतर कळलं की उमेदवारांना एक द्रावण करायला सांगितलं होतं. तराजूचा काटा मुळातच सरकलेला होता. तो आधी शून्यावर आणायचं फक्त आमच्या सुनेला सुचलं. तिची निवड झाली.

मामा पेढे घेऊन आले. "बाई, तुमच्यामुलं झाला बगा!"

"मामा, मी खोलीतसुद्धा नव्हते."

"आता तुमी आसाच बोलनार," म्हणत त्यांनी डोळा मिचकावला.

मागून जिन्यावरून सून म्हणाली, "बाबा, काटा मी शून्यावर आणला. बाईंनी नाही."

मामा वळून तिच्याकडे बघतच राहिले. मग पेढ्यांचा पुडा त्यांनी माझ्याऐवजी तिच्या हातात दिला.

"आणि बाईंची पोरगी?" तिने विचारलं.

"मी हाय ना घरान!"

आणि खरंच, नवी मुंबईसाठी जमिनी गेल्यापासून रिकामे बसलेले मामा रोज दुपारी मुलीला भात वाढू लागले. शुद्धलेखनाची वही तेवढी माझ्यासाठी राहायची.

आम्ही दोघी सकाळी बरोबरच कॉलेजला निघायचो. तिच्या रजेचा, कामाच्या शेऱ्याचा कागद माझ्यापुढे आला की मी तो दुसऱ्या सरांकडे सरकवायचे. वर्षभर हे पाहून ती एकदा वाटेत म्हणाली, "बाई, लोकांना वाटेल तुमचं माझं भांडण आहे."

"वाटू दे," मी म्हटलं. दोघी हसलो आणि झपाझप पावलं उचलली, कारण पहिला तास प्रॅक्टिकलचा होता.