मत्स्यालयातला पदर

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन झालं, की परतीच्या गाडीला बराच वेळ असायचा. त्या वर्षी भांडगावच्या आमच्या मंडळींनी पोरांना समुद्राकाठचं मत्स्यालय दाखवायचं ठरवलं. मी नुकतीच शाळेत जाऊ लागले होते. आईनं दौंड स्टेशनापासून एकच धोशा लावला होता, "पदर सोडू नगंस." मला त्याचा रागच आला होता.

आत अंधार होता, फक्त काचेतलं पाणी हिरवं उजळलेलं. एक मोठं कासव काचेला घासत पुढं गेलं, त्याच्यामागं मीही गेले. मग घाबरून परत आले आणि पदर धरला. वर बघितलं तर बाई दुसरीच. गावोगावच्या आमच्या बायका त्या दिवशी पांढरीच साडी नेसून आलेल्या. मी पदर सोडून मागं सरले.

त्या बाईनं मला कडेवर उचललं. "बघ बाय, तुझी आई कुठली हाय?"

वरून नुसत्या पाठी दिसत होत्या, पांढऱ्या, एकसारख्या. सगळ्यांची तोंडं माशांकडं.

एकच बाई माशांकडं पाठ करून उभी होती.