माहेरपर्यंत लिफ्ट

गणपती झाले की गुडघा बदलून टाकू, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताई दवाखान्यातून सरळ आमच्याकडे आल्या, चहा मागितला आणि दोन घोट घेऊन म्हणाल्या, "जुना गुडघा आहे तोवर मला पेणला चालत जायचंय."

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. राहतात नवीन पनवेललाच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. पेण हे त्यांचं माहेर, म्हणजे माझं सासर. आता तिथं आमचं काही नाही. सासूसासरे गेले, घर विकलं, त्या जागी इमारत उभी राहिली आणि तिच्या खाली मोबाइलचं दुकान. नवरा हसून म्हणाला, अगं, तिथं कोण बसलंय तुझी वाट बघत? ताईंनी कप खाली ठेवला. कोणी नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं म्हणे. म्हणाल्या, पण ज्या पायांनी त्या घरातून निघाले त्याच पायांनी एकदा परत जायचंय. नव्या गुडघ्याला काय माहीत पेण कुठं आहे ते?

नवरा टीव्हीकडे वळला. मी म्हटलं, मी येते. खरं सांगायचं तर माहेरबिहेर माझ्या डोक्यात नव्हतं. रविवारी सकाळी घरातून बाहेर पडायला मिळतंय आणि नाश्ता दुसऱ्या कोणीतरी करायचाय, एवढंच दिसत होतं मला.

एका दमात पेण गाठायचं आमच्या बापाच्यानं झालं नसतं. म्हणून तुकडे पाडले. दर रविवारी एक तुकडा. जिथं थांबू तिथून पुढच्या रविवारी सुरुवात. ताईंचा नियम एकच, पण लोखंडासारखा: पुढं जायचं ते पायांनी, लिफ्ट घ्यायची ती चाललेल्या रस्त्यावर. न चाललेला रस्ता गाडीतून एक वीतभरसुद्धा ओलांडायचा नाही. नवरा म्हणाला, मी सोडतो, मी आणतो. ताई म्हणाल्या, तू आलास की एसी लावतोस आणि उपदेश सुरू करतोस, त्यापेक्षा लिफ्ट बरी.

आणि देवाशपथ सांगते, लिफ्ट हा प्रकार इतका झिंग आणणारा असेल असं मला वाटलं नव्हतं. दोन पिकल्या केसांच्या बायका, पायांत बूट, अंगात पंजाबी ड्रेस, आणि गोवा हायवेच्या कडेला उभ्या! मी आपली बिचकत हात हलवायची, माश्या हाकलल्यासारखा. ताई मात्र छत्री आडवी धरायच्या. रेल्वेचं फाटक पडावं तशी. गाडीत एखादी बाई दिसली तरच छत्री पडायची, नाहीतर नाही. आणि गाड्या थांबायच्या हो! पळस्प्याच्या पुढं एका रिकाम्या स्कूलबसनं आम्हाला घेतलं. मदतनीस बाईंनी सवयीनं आम्हाला पहिल्या बाकावर बसवून पट्टे लावले आणि खिडकीबाहेर हात काढू नका म्हणून दटावलं. शिरढोणहून येताना अलिबागवरून परतणारं कामोठ्याचं कुटुंब भेटलं. ओली पोरं, वाळूनं भरलेल्या चपला आणि मागं सुकटीची भलीमोठी पिशवी. ती पिशवी माझ्या मांडीवर. घरी पोचले तर नवऱ्यानं दार उघडलं आणि लगेच खिडक्याही उघडल्या.

आम्ही हसायचो किती! पंचवीस वर्षं नणंद-भावजय होतो, पण एकमेकींना डबे देण्यापलीकडं काही नव्हतं. आता मात्र सोमवारीच फोन यायचा, पुढच्या तुकड्याला धपाटे की घावन? ताईंचा गुडघा कुरकुरत होता, पण त्या त्याला 'गप रे' म्हणायच्या आणि चालायच्या. दर तुकड्याबरोबर चाल हळू होत होती. ते मला दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं असं नाही.

गणपतीआधीचा शेवटचा रविवार आला तेव्हा आम्ही कर्नाळ्याच्या अभयारण्याच्या फाटकापर्यंत पोचलो होतो. तिथून पुढं खिंड, मग तारा, मग हमरापूर, मग पेण. एवढं सगळं आणि हातात एकच रविवार. त्यानंतर घरोघरी गणपती, पाहुणे, आणि मग ऑपरेशन. ताई म्हणाल्या, आज जमेल तेवढं जाऊ, उरलेलं गणपतीनंतरच्या रविवारी उरकू. मी म्हटलं, हो हो. दोघींनाही ते पटलं नव्हतं.

काय सुंदर सकाळ होती पण! पावसानं धुतलेलं जंगल, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी वाकलेली झाडं, कठड्यावर ओळीनं बसलेली माकडं. आणि वर ढगातून मधूनच डोकं काढणारा किल्ल्याचा सुळका, त्याला लोक अंगठा म्हणतात. ताई म्हणाल्या, बघ, हाही लिफ्ट मागत उभाय बिचारा, कोणी थांबत नाही त्याच्यासाठी. मी त्याला छत्री दाखवली. एका माकडानं आमची घावनं पळवली, त्यावर ताई त्याला मालवणीतून शिव्या देत होत्या. त्या कुठं शिकल्या कुणास ठाऊक. रस्ताभर आम्ही शाळकरी पोरींसारख्या खिदळत होतो.

खिंडीच्या चढावर गुडघा अडकला. अडकला म्हणजे वाकेचना. ताईंनी झाडाला धरलं, मी त्यांना धरलं, आणि कसंबसं एका दगडावर बसलो. अर्धा तास बसलो. पुन्हा उठलो, दहा पावलं गेलो, पुन्हा तेच. मग ताईंनी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले आणि त्या रडायला लागल्या. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं.

"राहिलं गं माझं माहेर," एवढंच म्हणाल्या.

मला ते बघवेना. म्हणून मी चिडले. गुडघ्यावर, डॉक्टरवर, खिंडीवर, त्या माकडावर. मग त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडला आणि पनवेलकडं जाणाऱ्या बाजूला उभी राहिले. छत्री मीच आडवी धरली.

थांबला तो छोटा हत्ती टेम्पो. पुढं एक तिशीतला गडी गाडी चालवत होता, आणि मागं हौद्यात पेंढ्याच्या गादीवर, लाल कपड्यानं तोंड झाकलेला, हातभर उंचीचा शाडूचा गणपती. त्याच्याशेजारी त्या गड्याची आई. सत्तरीची, ठसठशीत कुंकू, नाकात नथ आणि उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं तिनं मूर्ती धरून ठेवली होती. हमरापुराहून गणपती घेऊन विचुंब्याला निघाले होते ते. दर खड्ड्याला तिचा जीव जात होता. आम्ही चढायच्या आतच तिनं विचारलं, तुमच्यातली कोन बरी बसते? आम्ही मागत होतो लिफ्ट आणि ती मागत होती मांडी!

बरी बसते म्हणजे काय ते मला कळायच्या आत ताई पेंढ्यावर पाय लांब करून बसल्यासुद्धा. उठायचं नसेल तर बसण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. गणपती त्यांच्या मांडीवर आला. त्यांनी दोन्ही हातांनी त्याला असा कवटाळला की गड्याच्या आईनं, म्हणजे आमच्या मावशींनी, पहिल्यांदा खांदे सैल सोडले. टेम्पो निघाला. खड्डा आला की मी ताईंना धरायची, ताई गणपतीला धरायच्या, मावशी आम्हा तिघांना धरायच्या. शिरढोण येईस्तोवर ताईंना हसू फुटलं होतं. डोळे अजून लालच, पण हसत होत्या.

मावशींनी विचारलं, बाय, सकाळच्या पारी खिंडीत काय करत व्हत्याव? ताईंनी सगळं सांगितलं. गुडघा, तुकडे, पेण. मावशींनी पुढं विचारलं, माहेरी कोण हाय? ताई म्हणाल्या, कोणी नाही. मावशी मागं पळणाऱ्या रस्त्याकडं बघत राहिल्या. खड्डे मोजत असाव्यात असं मला वाटलं.

आमचा नाका जवळ आला तसं मी गड्याला हाक मारली, आम्हाला इथं सोडा. मावशी माझ्याकडं बघायलाच लागल्या. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी की गणपती ज्याच्या मांडीवर बसला त्यानंच तो उंबऱ्याच्या आत न्यायचा. वाटेत मांडी बदलायची नाही. लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी त्याच आणत होत्या. यंदा हात मोडला म्हणून पेंढ्यावर ठेवला, पण देव असा सामानासारखा आणायचा हे त्यांच्या मनाला सारखं लागत होतं. तुम्ही भेटलात आणि बरं वाटलं, म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. अहो, हे आधी सांगायचं ना! यांना रिकाम्या हातानं चालवत नाही, लोकांचा गणपती घेऊन कुठून चालतील? मी तोंड उघडलं तेवढ्यात ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्या गड्याला म्हणाल्या, चला.

विचुंब्याच्या त्यांच्या गल्लीत मांडवाचे बांबू पडलेले. टेम्पो तोंडाशीच थांबला. घर गल्लीच्या टोकाला. नवं दुमजली, खालच्या ओट्याला चार पायऱ्या. मी त्या मनातल्या मनात पुन्हा एकदा मोजल्या. गड्यानं आणि मी मिळून ताईंना मूर्तीसकट खाली उतरवलं. शेजारपाजारच्या बायका दारात आल्या. कोणीतरी 'गणपती बाप्पा' म्हटलं, सगळ्यांनी 'मोरया' केलं, आणि ताई चालायला लागल्या.

मी त्यांच्या कोपराला धरून. मनात एकच, आता हा अडकला तर? वर्षाचा देव लोकांच्या अंगणात फुटला तर तोंड कुठं लपवायचं? पाऊल, थांबणं, पाऊल. ताईंच्या कपाळावरून घाम गणपतीच्या कपड्यावर पडत होता. मध्येच एकदा गुडघा कटकन वाजला, मला ऐकू आला. ताई त्याला म्हणाल्या, "गप रे, आत्ता नाही."

पायऱ्यांशी थांबल्या. चांगला पाय आधी वर, मी कानात सांगितलं. चांगला वर, दुखरा मागनं. पुन्हा चांगला वर. चौथ्या पायरीला मी श्वास घ्यायचा विसरले होते. मावशींच्या सुनेनं ताईंच्या पायांवर दूध-पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, कुंकू लावलं. आणि ताईंनी उंबरा ओलांडला. चौरंगावर मूर्ती ठेवली, हात सोडवले, आणि भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. पुन्हा रडत होत्या. या वेळी मीही रडत होते, आणि हसतही होते, आणि का ते विचारू नका.

मावशींनी डाव्या हातानं ताईंची हनुवटी धरली. "बाय, बाप्पाला घेऊन पायांनी आलीस ना घरान? मंग या घरची लेक झालीस तू. माहेरी कोन नाय असा परत म्हनायचा नाय."

ताईंना त्या दिवशी तिथंच जेवायला ठेवून घेतलं. मलाही. तांदळाच्या भाकऱ्या, काळ्या वाटाण्याची आमटी आणि अळूवडी. नवऱ्याचे सात फोन येऊन गेले. उचलायला वेळ नव्हता.

गुडघा बदलला. खिंड राहिली, पेणही राहिलं. पुढं कधी तरी जाऊ असं मी म्हणायचे, ताई नुसत्या मान हलवायच्या. व्यायाम मात्र इतका मनापासून करायच्या की फिजिओथेरपिस्ट मुलगी चकित व्हायची. त्यांनी तिला कारण सांगितलं नाही, मलाही नाही.

ते यंदा गणपतीच्या पहिल्या दिवशी कळलं. सकाळी दार वाजलं. ताई दारात उभ्या, जरीची साडी, हातात मोदकांचा डबा. नवऱ्यानं गाडीची किल्ली घेतली. ताई म्हणाल्या, ठेव ती. माहेरी मी चालत जाणार आहे.

मग आम्ही निघालो, दोघीच. विचुंबे म्हणजे लांब नाही, पण नव्या गुडघ्यावर, साडीत, रस्त्याच्या कडेनं, ते काही थोडंही नाही. मी सवयीनं छत्री घेतली होती. ताईंनी ती काखेत मारली आणि आडवी केली नाही. एक रिक्षावाला थांबला, त्याला नाही म्हटलं. गावाच्या थोडं अलीकडं एक टेम्पो हळू झाला. आतल्या पोरानं डोकं बाहेर काढून विचारलं, मावशी, कुठं सोडू?

ताई थांबल्या नाहीत. साडीचा घोळ सावरत, चालता चालताच म्हणाल्या, "नको रे बाळा, आलंच माझं माहेर."