तीसपर्यंतचे आकडे

मंगळवार, ९ मार्च. सकाळी ढगाळ, वारा नाही. दूध अर्धा तास उशिरा. बेकरीवाल्याच्या मुलीची ड्रायव्हिंगची परीक्षा अकरा वाजता. सोबत म्हणून मी गेले.

त्या दिवसाची नोंद अशी सुरू होते. पण आधी माझ्या धाकट्या दिरांबद्दल सांगायला हवं.

परीक्षेला आलेल्या गाड्या भाऊजी तपासायचे. गाडी रस्त्यावर नेण्याजोगी नसेल तर परीक्षाच होत नाही. दिवे, हॉर्न, आरसे, टायर, सीटचे पट्टे हे पाच मिनिटांत उरकायचं. मग ते स्वतः आत बसून ब्रेक दाबून धरायचे आणि मोठ्याने तीसपर्यंत मोजायचे. लोक त्यांना तीसराव म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

या मोजण्याचं कारण त्यांनी फक्त माझ्या यजमानांना सांगितलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका गाडीचा ब्रेक एकदाच दाबून पाहिला. घट्ट लागला, सही केली. आत कुठेतरी ब्रेकचं तेल झिरपत होतं; दाबून धरला असता तर तो हळूहळू खाली गेलेला कळला असता. ती गाडी घेऊन गेलेला सुतार आणि शेजारी बसलेले परीक्षक परत आले नाहीत. तेव्हापासून भाऊजी तपासणीपुरतेच गाडीत बसत. एरवी सगळीकडे पायी.

बेकरीवाल्याच्या मुलीला घरोघरी जाणाऱ्या नर्सची नोकरी लागली होती. सोमवारपर्यंत लायसन्स दाखवलं नाही तर जागा दुसरीला. आदल्या संध्याकाळी पाव देताना तो म्हणाला, "काकू, दिरांना सांगा ना. घरचीच पोर आहे. तिसाच्या जागी दहा मोजले तर काय बिघडतंय?"

आणि मी सांगितलं, सकाळी चहा देताना. भाऊजींनी चहा संपवला आणि बूट घातले.

परीक्षेच्या मैदानात पावाची गाडी उभी होती. भाऊजी आत बसले, मोजू लागले. बेकरीवाला खिडकीत वाकला. "तीसराव, दहा झाले की उतरा. मला भट्टी पेटवायचीय."

आठ, नऊ, दहा. पाय जागचा हलला नाही. ब्रेक ठीक आहे म्हणून मला हायसं वाटलं. अकरा. बारा. चौदाला त्यांचा गुडघा किंचित पुढे सरकला. मग सरकतच राहिला. एकोणीसला बूट तळाला टेकला.

"ही गाडी चालणार नाही," भाऊजी म्हणाले.

"सकाळी सगळीकडे पाव पोचवून आलोय हिच्यातूनच!"

"सकाळी सपाट रस्ता आणि चढ होता. घरी जाताना उतार आहे. गाडी इथेच ठेवा, मेकॅनिक बोलवा."

"उतार मला शिकवू नका. बस गं तू."

मुलगी दार धरून उभी राहिली. डोळे भरलेले. भाऊजींनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"माझे गुडघे धरलेत," मी खोटंच म्हटलं. "मला हात देऊन घरी ने बाई."

तिने एकदा वडिलांकडे पाहिलं, मग दार लावलं. "बाबा, मी काकूंना घेऊन येते."

"या चालत! तीसराव मोजतील पावलं!" तो ओरडला आणि गेला.

रांगेतल्या गाड्या तशाच सोडून भाऊजी आमच्याबरोबर निघाले. इतकी वर्षं त्यांनी कधी रांग सोडली नव्हती. उताराच्या तोंडाशी आलो तेव्हा खालून हॉर्न ऐकू आला. एकच, लांबलचक. थांबेचना. मुलीने माझा हात सोडला आणि धावत सुटली.

गाडी पाण्याच्या टाकीच्या भिंतीत घुसली होती. बेकरीवाला शुद्धीवर होता, दोन्ही पाय अडकलेले. शेजारची सीट मात्र दिसतच नव्हती, तिथे भिंतीचे दगड होते. मुलगी खिडकीतून हात घालून त्याची नाडी बघत होती, आणि तो तिला पुन्हा पुन्हा विचारत होता, "तू कुठे बसली होतीस गं?"

भाऊजी रस्त्याच्या कडेला बसून राहिले. मी शेजारी बसले. मी सकाळी काय सांगितलं होतं, तो विषय दोघांनीही काढला नाही.

रात्रीची नोंद: आज संध्याकाळचा पाव आला नाही. कालचे दोन उरले होते, ते गरम करून भाऊजींना दिले.