आठ पट जवळ

सुरतेजवळ, डुमसच्या बाजूला खाडीच्या काठावर माझी चहाची टपरी आहे. थंडीत तिथं पक्षी बघणारे येतात, गळ्यात दुर्बीण घालून. बहुतेकांकडं आठाचीच. म्हणजे आठ पट जवळ दिसतं, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं. एका बाईला मी विचारलं, "याहून मोठी का घेत नाही?"

"मासी, मोठी घेतली की हात हलतो अन् पक्षी नाचतो."

माझा म्हातारा खाडीत खेकडे धरतो. जन्म लूमवर, कापडाच्या मशीनवर गेला, दोन्ही कान तिथंच राहिले. मीही त्याच खात्यात बॉबिन भरायचे. तिथं आवाजात काही ऐकू येत नाही, सगळे हातानं बोलतात. आम्ही घरीही तसंच बोलतो.

त्या दिवशी अमावास्या होती. कोळ्यांनी बजावलं होतं, आज भरती मोठी. आम्ही खानदेशातली माणसं, भरती-ओहोटी आम्हाला काय कळणार. म्हातारा म्हणाला, "पाण्याला काय पाय आहेत?" अन् गेला.

उन्हं वर आली, अन् चिखलावरचे सगळे पक्षी एकदम उठले. ती दुर्बीणवाली बाई टपरीवरच होती, तिनं दुर्बीण लावली. मग माझ्या हातात दिली.

म्हातारा दिसला. सदऱ्याचं ठिगळसुद्धा दिसलं. त्याच्या पाठीमागं, आमच्या बाजूच्या नाळीत, चिखलातल्या खोल चरात, पाणी भरत होतं. तो वळला, थेट माझ्याकडं बघितलं. मी हात वर करून मूठ मिटली. लूमवर त्याचा अर्थ, मशीन बंद कर, इकडं ये. तो खाली वाकला. मी पुन्हा मूठ मिटली. पुन्हा. मला राग आला. "बघ की मेल्या!"

बाई म्हणाली, "मासी, दुर्बीण तुमच्याकडं आहे. त्यांना तुम्ही दिसत नाही."

दुर्बीण काढली. तो काळा ठिपका होता. तेवढा वेळ मी घालवला.

टपरीवरचं निळं प्लास्टिक ओढून काढलं. दोघींनी दोन टोकं धरून हलवलं. तो उभा राहिला, वळला, पाण्यात शिरला. कंबर, छाती, मग नुसतं डोकं. खेकड्यांची पिशवी वाहून गेली. काठावर आला तो हातापायांवर रांगत.

धाप लागलेली, तरी ओरडला, "आधी का नाही बोलावलं?"

मी हातानं सांगितलं, बोलावलं होतं.

आता थंडी सरली. दुर्बीणवाले येत नाहीत. म्हाताऱ्यानं नवी पिशवी शिवली आहे. परवा अमावास्या.