माझ्या खिशातला फोन

मंडळी, दुपारी मुरबाडहून आलो, तेव्हापासून मन ठिकाणावर नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

जीव नकोसा झालेल्या मुलांसाठी आम्ही काही पालक-शिक्षक मोबाईलवरची एक सेवा तयार करतो आहोत. मुलाने एका नंबरवर मेसेज पाठवायचा, समुपदेशक ताईंनी मेसेजनेच धीर द्यायचा. आज ती तपासायला अकरावीची मुलं बोलावली होती. त्यांत माझी मुलगी सुनीताही होती.

एक मुलगा म्हणाला, "सर, फोन बापाकडं असतो. ताईंचं उत्तर तोच वाचल. मंग जीव द्यायला नको, तोच घेल."

सगळे हसले. मीही हसलो.

सुनीता खाली बघत म्हणाली, "मागल्या वर्षी हा नंबर असता, तरी मी मेसेज केला नसता. आमचा फोन बाबांच्या खिशात असतो."

मागल्या वर्षी? रोज दिवेलागणीला ती माझ्याशेजारी देवापुढे हात जोडून बसत होती. मला काहीच कळलं नाही.

मग मुलांनीच बदल सुचवला. मेसेज नको. फोन जरा हाती आला की मिस्ड कॉल द्यायचा, ताईंनी लगेच उलट फोन करायचा, बोलून झालं की मुलाने नंबर पुसायचा.

एसटीतून शहापूरला उतरल्यावर मी सुनीताला विचारलं, "आता कशी हायेस गो?"

"आता बरी हाय. पण तुमी विचारत जा."

ताईंशी बोलायला ती तयार झाली आहे. घरी येऊन मी फोन खिशातून काढला आणि देवाच्या फळीवर ठेवला. आता तो तिथेच राहील.

तुमच्या घरी फोन कुणाच्या खिशात असतो?